बावीसची गोळी : एका नळीसाठी लॉट निवडतानाच्या प्रकल्प नोंदी

८ सप्टेंबर २०२४

घरात गणपती आहेत, त्यामुळे रेंजवर जाणं नाही. आज फक्त कागदावरचं काम.

लेकीची ५० मीटरची रायफल आता बसली आहे. स्टॉकची लांबी, गालाची उंची, स्लिंगचं भोक, सगळं ठरलं. पुढचं काम बावीस बोअरच्या (.२२) गोळीचं. डिसेंबरात दिल्लीला राष्ट्रीय स्पर्धा आहे, त्याआधी क्लबतर्फे एका लॉटची (कारखान्यात एका वेळी, एकाच नंबराखाली बनलेल्या गोळ्यांच्या खेपेची) खरेदी करायची आहे. क्लबच्या परवान्यावर, परवानाधारक विक्रेत्याकडून पाच वेगवेगळ्या लॉटचे नमुने मिळणार आहेत, प्रत्येकी चार डब्या, म्हणजे २०० राउंड. त्यातून एक निवडायचा.

१ ऑगस्टला कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं पॅरिस ऑलिम्पिकमध्ये थ्री पोझिशनचं (गुडघ्यावर बसून, पालथं पडून आणि उभं राहून मारायच्या प्रकाराचं) कांस्य जिंकलं, तेव्हापासून क्लबात नवे पालक येताहेत आणि त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "सर्वात चांगली गोळी कुठली?" प्रश्न रास्त आहे, पण अर्धा आहे. कुठल्या नळीसाठी, हे त्यात नाही. बर्मिंगहॅमची एली टेनेक्स, जर्मनीत फ्युर्थला होणारी आरडब्ल्यूएस आर ५०, श्योनेबेकला होणाऱ्या लापुआच्या गोळ्या, या तिन्ही घराण्यांनी जगातली पदकं वाटून घेतली आहेत. तरीही एकाच नावाचे, एकाच किमतीचे दोन लॉट एकाच रायफलमध्ये वेगळे वागतात. तोच लॉट शेजारच्या लेनवरच्या रायफलमध्ये तिसऱ्याच तऱ्हेनं वागतो.

म्हणून या वहीत लॉटना अ, ब, क, ड, इ एवढंच म्हणणार आहे. कंपन्यांची नावं लिहिली तर कुणीतरी हा निकाल उचलून आपल्या रायफलला लावेल, आणि तो तिथे लागू होणार नाही.

१५ सप्टेंबर

माप कशाचं घ्यायचं ते ठरवलं.

५० मीटरच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ १०.४ मिमी व्यासाचं. गोळी ५.६ मिमीची, आणि तिची कड वर्तुळाला शिवली तरी दहा मिळतात. म्हणजे छिद्राचा मध्य केंद्रापासून ८ मिमीच्या आत हवा. तिथून आत किंवा बाहेर दर ०.८ मिमीला एक दशांश गुण बदलतो. प्रोनमध्ये (पालथं पडून मारायच्या प्रकारात) ६० गोळ्या दशांशात मोजतात, तिथे प्रत्येक अर्ध्या मिलिमीटरची किंमत असते. थ्री पोझिशनच्या पात्रता फेरीत मात्र पूर्ण गुणच धरतात. स्वप्निल पॅरिसला ५९० गुणांवर सातवा येऊन अंतिम फेरीत गेला होता. तिथे १०.१ आणि १०.९ सारखेच, पण ९.९ म्हणजे एक गुण गेला. लेक दोन्ही प्रकार खेळते, त्यामुळे दोन गोष्टी पाहायच्या : छिद्रं केंद्रापासून सरासरी किती लांब पडतात, आणि ८ मिमीच्या बाहेर किती जातात.

बहुतेक जण पाच गोळ्यांचा एक ग्रुप मारतात आणि सर्वात दूरच्या दोन छिद्रांमधलं अंतर मोजतात. हे माप फार डळमळीत आहे. ज्या लॉटची पाच गोळ्यांची सरासरी १२ मिमी आहे तो सहज ९ दाखवतो, सहज १५ दाखवतो. पाचांपैकी तीन गोळ्यांचा त्या आकड्यात काही हिशेबच नाही. त्यापेक्षा ४० गोळ्या मारायच्या, प्रत्येक छिद्राचं ग्रुपच्या मध्यापासूनचं अंतर घ्यायचं आणि त्यांची सरासरी काढायची. यात प्रत्येक गोळी बोलते. चाळीसही एकाच टार्गेटच्या काळ्या वर्तुळावर नकोत, छिद्रं एकमेकांत मिसळून एकच भोक होतं. पाच-पाचांचे आठ ग्रुप मारायचे आणि नंतर मोजमापं एकावर एक ठेवायची.

सुभेदारकाकांना (महूच्या आर्मी मार्क्समनशिप युनिटमध्ये त्यांनी उमेदीची वर्षं काढली) फोनवर वाचून दाखवलं. म्हणाले, "आकडेमोड तुमची बरोबर आहे, पण वाऱ्याचं काय करणार?" एक मीटर प्रति सेकंद आडवा वारा बावीसची गोळी ५० मीटरवर पाचेक मिलिमीटर ढकलतो. असा वारा गालाला लागलेलाही कळत नाही. ठरलं : उजाडता उजाडता सुरू करायचं आणि १० व ३० मीटरवरची झेंडी हलू लागली की थांबायचं.

२९ सप्टेंबर

बालेवाडी. आकाश ढगाळ, हवा दमट, झेंड्या लोंबलेल्या. हवं तसं.

रायफलची अ‍ॅक्शन (गोळी भरण्याचा आणि उडवण्याचा भाग, नळीसकट) स्टॉकमधून काढून क्लॅम्पमध्ये बसवली. नळी मोकळी, कशालाही टेकलेली नाही. माणूस बाजूला झाला की उरतात फक्त नळी आणि गोळी. ट्रिगरवर बोट काकांचं. त्यांचं बोट क्लॅम्पला जाणवतसुद्धा नाही.

आज लॉट अ आणि ब. दोन्हींचं वंगण एकाच प्रकारचं आहे, म्हणून एकाच दिवशी. बावीसच्या शिशाच्या गोळीला बाहेरून मेणासारखा लेप असतो आणि नळीच्या आत त्याचाच थर बसतो. लेप बदलला की जुना थर जाऊन नवा बसेपर्यंत गोळ्या इकडेतिकडे जातात. त्यामुळे प्रत्येक लॉटआधी २० राउंड नुसते मातीत. पालकांना हे वाया गेल्यासारखं वाटतं. पण या वीस राउंडशिवाय पुढच्या चाळीसांना काही अर्थ नाही.

लॉट ब चा पहिला ग्रुप ९.१ मिमी. काका काही बोलले नाहीत, बोल्ट उघडून पुढचा राउंड भरला. त्यानंतर ग्रुप आवळत गेले, एक ५.४ चाही आला. लॉट अ मधोमध, कुठे फार वाईट नाही, कुठे फार चांगला नाही.

मोजताना एक गोष्ट पक्की केली. छिद्राच्या फाटलेल्या कागदावर कॅलिपर लावायचा नाही. गोळी आत शिरताना कागदाला शिसं आणि मेण पुसून जाते, त्याची राखाडी कडी छिद्राभोवती उमटते. ती कडी गोल असते, फाटलेला कागद नसतो. भिंगातून ती कडी धरून मध्य काढला की दोन जणांची मोजमापं जुळतात. टार्गेटमागे जाड पुठ्ठा लावला की कडी आणखी स्वच्छ येते.

सरासरी अंतर : अ ३.६ मिमी, ब २.९ मिमी.

६ ऑक्टोबर

लॉट क आणि ड.

क चा पहिलाच ग्रुप ७ मिमी. भोवती दोन-तीन मुलं उभी होती, त्यातला एक म्हणाला, "सर, हाच घ्या." त्याला थांबवून घेतलं आणि उरलेले सातही बघायला लावले. पाचवा ग्रुप १७ मिमी. क्लॅम्प हलला नव्हता, वारा नव्हता. तो लॉटच या नळीत तसा आहे.

पहिल्या ग्रुपवर निर्णय घेतला असता तर क जिंकला असता आणि ब हरला असता. चाळीस गोळ्यांनंतर क ची सरासरी ४.६ मिमी, आतापर्यंतच्या चारही लॉटमध्ये शेवटची. मुलांच्या चेहऱ्यावर तो आकडा उतरताना पाहिला. ही गोष्ट शंभरदा सांगून पटली नसती.

ड ३.८.

१३ ऑक्टोबर

काल दसरा झाला. आज लॉट इ, नमुन्यातला सर्वात महाग. आणि सोबत वेगाची मोजणी.

वेग मोजणारं यंत्र नळीला टांगायचं नाही, त्याच्या वजनानं नळीची थरथर बदलते. आम्ही ते समोर स्टँडवर ठेवलं. बावीसची काडतुसं रिमफायर जातीची, म्हणजे पेट घेणारा मसाला कडेच्या पोकळीत फिरवून बसवलेला असतो. तो सगळीकडे सारखा बसला तर जळणं सारखं होतं. नाही बसला तर वेगात फरक पडतो. हिशेब सोपा आहे : सव्वातीनशे मीटर प्रति सेकंदाच्या गोळीला ५० मीटर जायला सुमारे ०.१६ सेकंद लागतात आणि तेवढ्यात ती १२ सेंटिमीटर खाली येते. वेगात १० मीटरचा फरक पडला तर उभ्या दिशेत साडेसात मिमीचा फरक. जवळजवळ पूर्ण एक गुण.

यावरून वाटावं की ज्या लॉटचा वेग सर्वात एकसारखा तोच सर्वात चांगला. तसं झालं नाही. इ लॉटमधला सर्वात जलद आणि सर्वात मंद यांच्यातला फरक ८ मीटर प्रति सेकंद, ब लॉटमधला ९. तरी ब चा उभा पसारा ११ मिमी आणि इ चा १५. याचं उत्तर नळीत आहे. गोळी नळीतून जात असताना नळीचं तोंड वरखाली थरथरत असतं. तोंड वर चढत असतानाच गोळ्या बाहेर पडत असतील तर मंद गोळी थोडी उशिरा निघते, म्हणून थोड्या वरच्या कोनात निघते, आणि तिची जास्तीची घसरण काही अंशी भरून निघते. हा योग प्रत्येक नळीत, प्रत्येक वजनाला वेगळा जुळतो. हे डबीवर छापता येत नाही. एलीच्या डबीवर लॉटचा वेगसुद्धा छापलेला असतो, तो उपयोगी आहे, पण त्या आकड्याला आपली नळी माहीत नाही.

इ ची सरासरी ३.५ मिमी. अ पेक्षा नावापुरती चांगली, ब पेक्षा मागे.

ब आणि क मधला १.७ मिमीचा फरक ६० गोळ्यांच्या प्रोनवर लावून पाहिला : पावणेतेरा गुण. हा फरक नुसत्या गोळीचा, क्लॅम्पमधला.

२० ऑक्टोबर

क आणि ड बाद. अ, ब, इ च्या उरलेल्या राउंडांतून वीस-वीस नळी भिजवायला आणि वीस-वीस मोजायला. फेरचाचणी नसेल तर पहिल्या दिवशीची हवा, प्रकाश, काकांचं बोट, सगळं निकालात शिरलेलं असू शकतं.

अ ३.७, ब ३.१, इ ३.४.

क्रम तोच, ब ची आघाडी कमी झाली. अ आणि इ यांच्यात फरक आहे असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. ब दोन्ही दिवशी पुढे राहिला, आणि तो इ पेक्षा स्वस्तही आहे. दोघे सारखे निघाले असते तरी मी ब घेतला असता, कारण वाचलेल्या पैशात सरावाचे राउंड येतात.

काकांनी इ चा एक राउंड चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाला, राउंड बसतो त्या जागेत) भरून न उडवता परत काढला आणि माझ्या हातावर ठेवला. शिशाच्या खांद्यावर नळीतल्या खाचांचे बारीक ठसे, पण एका बाजूला गडद आणि दुसऱ्या बाजूला पुसट. मग ब चा काढला : ठसे सगळीकडून सारखे. एक-एक राउंडवरून सिद्ध काही होत नाही, पण इ ची गोळी या चेंबरमध्ये सरळ बसत नसावी, असं दोघांनाही वाटलं. सामन्याच्या चेंबरमध्ये गोळी सुरुवातीपासूनच खाचांना टेकलेली असते. तिथे ती एका अंगाला कलली तर पुढे ५० मीटरवर तो कल दिसतोच.

२७ ऑक्टोबर

क्लबात एका पालकांनी विचारलं, "मुलाचा हात अजून स्थिर व्हायचाय, मग आत्ताच एवढी छाननी कशाला?"

हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. हाताची चूक आणि गोळीची चूक यांची सरळ बेरीज होत नाही, वर्गांची होते. हाताचा पसारा (प्रत्येक दिशेतला) ४ मिमी धरला आणि गोळीचा २.४, तर एकूण ४.७ च्या आसपास. तोच हात, पण क लॉटचा ३.७, तर एकूण ५.४ च्या वर. हा फरक गुणपत्रकावर दिसतो. पण हाताचाच पसारा ८ मिमी असेल तर ८.४ आणि ८.८. तिथे महाग लॉटचे पैसे टाकण्यात अर्थ नाही. ते पैसे सरावाच्या साध्या गोळ्यांना आणि चांगल्या जॅकेटला द्यावेत. लेकीचा हात पहिल्या प्रकारात आहे म्हणून हे सगळं चाललंय. त्या पालकांच्या मुलासाठी मी आज लॉट चाचणी सांगणार नाही, आणि तसं त्यांना सांगितलं.

आणखी एक कारण आहे, ते आकड्यात बसत नाही. दहाच्या बाहेर गेलेली गोळी माझ्यामुळे गेली की काडतुसामुळे, हे नेमबाजाला कळलं पाहिजे. लॉटवर भरवसा असेल तर नऊ आला की ती स्वतःचा ट्रिगर, श्वास, घोट्याखालची उशी तपासते. भरवसा नसेल तर काहीच तपासत नाही, किंवा सगळंच बदलते. २०१० मध्ये म्युनिकला कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतनं प्रोनमध्ये जागतिक अजिंक्यपद मिळवलं तेव्हा ६०० पैकी ५९७ गुण होते (त्या वेळी प्रोनमध्येही पूर्ण गुणच धरत). साठ गोळ्यांत तीनच गुण गेले. तिथे पोचायचं तर गेलेल्या प्रत्येक गुणाचं कारण सांगता आलं पाहिजे.

१० नोव्हेंबर

दिवाळीनंतरचा पहिला दिवस रेंजवर. आज क्लॅम्प नाही, लेक स्वतः.

अ, ब आणि इ चे उरलेले राउंड काकांनी साध्या लाकडी ठोकळ्यांत लावून दिले. कुठला कुठला ते तिला माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. तिन्ही लॉट प्रोनमध्ये. तिसऱ्या ठोकळ्यानंतर ती म्हणाली, "बाबा, दुसऱ्या ठोकळ्यात नऊ आला तेव्हा माझ्याकडूनच गेला. ट्रिगर ओढला मी." दुसरा ठोकळा ब चा होता. गुणांत ब आणि इ यांच्यात सांगण्यासारखा फरक नव्हता, एवढ्या थोड्या गोळ्यांत तो दिसणारही नाही. पण आपला नऊ आपला म्हणून ओळखता आला, ही माझ्यासाठी आजची नोंद.

ब चा लॉट नंबर विक्रेत्याला कळवला. एक पेटी, ५,००० राउंड. तोच नंबर नसेल तर पाठवू नका, असं स्पष्ट लिहून दिलं. "तोच ब्रँड, पुढचा लॉट" चालणार नाही.

२८ नोव्हेंबर

पुण्यात थंडी पडली. पहाटे १२ अंशांच्या आसपास. याच दिवसाची वाट पाहत होतो, कारण डिसेंबरात तुघलकाबादच्या डॉ. कर्णी सिंग रेंजवर सकाळची पाळी लागली तर याहून गार असेल.

थंडीत मसाला थोडा मंद जळतो, मेण घट्ट होतं. बायॅथलॉनसाठी (बर्फावरचं स्कीइंग आणि नेमबाजी यांचा खेळ) लापुआ वेगळी पोलर गोळी काढते ती याचसाठी. आमच्या ब चा सरासरी वेग सप्टेंबर-ऑक्टोबरात ३२७ होता, आज ३२२. ग्रुपचा आकार तसाच, पण मध्य जवळजवळ ४ मिमी खाली. हिशेबानंही एवढाच यायला हवा होता. म्हणजे दिल्लीत पहिल्या साइटरलाच (गुणांत न धरल्या जाणाऱ्या चाचणीच्या गोळीला) साइट वर घ्यावी लागेल, आणि ऊन चढलं की परत खाली. लेकीच्या वहीत तापमान आणि साइटचे क्लिक असे दोन रकाने आखून दिले.

एक चांगली गोष्ट : ३२७ काय आणि ३२२ काय, दोन्ही आवाजाच्या वेगाच्या खाली. थंडीत आवाजाचा वेगही उतरतो, ८ अंशांना तो ३३६ च्या आसपास असतो. सामन्याची गोळी मुद्दाम त्याच्या खाली ठेवलेली असते, कारण तो उंबरठा ओलांडताना गोळी डळमळते. हाय व्हेलॉसिटी म्हणून मिळणाऱ्या गोळ्या बावीसच्या टार्गेट रायफलमध्ये कोणी घालत नाही, ते यामुळेच.

८ डिसेंबर

पेटी आली. प्रत्येक डबीचा नंबर वाचला, मुलांनी टिक केलं. सगळ्या त्याच लॉटच्या.

वरच्या, मधल्या आणि तळाच्या डब्यांतून थोडे-थोडे राउंड घेऊन क्लॅम्पवर परत एकदा पाहिलं : ३.० मिमी. नमुना आणि माल एकच आहे.

साठवण : क्लबच्या कुलूपबंद कपाटात, भिंतीपासून सुटं, खिडकीच्या उन्हापासून लांब. मे महिन्यात पुण्यात बंद गाडीत ठेवलेल्या डबीतलं मेण पाघळून एका अंगाला येतं, त्या डबीचा लॉट नंबर काहीही असो.

दिल्लीसाठी : विमानात काडतुसं फक्त चेक-इन सामानात, माणशी ५ किलोपर्यंत, आधी कळवून आणि कागदपत्रांसह. एक राउंड साधारण ३.४ ग्रॅमचा, म्हणजे हजार राउंड साडेतीन किलोच्या आत. दोन्ही प्रकार, सराव आणि साइटर धरून ७०० पुरतात.

सरावाची गोळी वेगळ्या लेपाची आहे. त्यामुळे दिल्लीत पोचल्यावर अधिकृत सरावाच्या दिवशीच ब वर जायचं, पहिले वीस राउंड नळी भिजवायला, आणि त्यानंतर स्पर्धा संपेपर्यंत दुसरी गोळी त्या नळीत घालायची नाही. हे लेकीच्या वहीत पहिल्या पानावर लिहून दिलं आहे, खाली ब चा लॉट नंबर.